पन्नाशीतलं प्रेम आणि घरातला तिसरा माणूस

मागच्या अंकात मी 'द लंचबॉक्स'बद्दल जेमतेम चार ओळी लिहिल्या होत्या, की २०१३ चा हा पिक्चर तेव्हा बघितला असेल तर आता चाळिशी-पन्नाशीत परत एकदा बघा, वेगळाच दिसतो. बस, एवढंच. त्यावर मराठवाड्यातून इतके मेसेज आले, काही तर रात्री दोन-अडीचला टाईप केलेले, की हा सगळा कॉलम त्यालाच द्यायचा ठरवलं. ज्यांनी बघितलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मुंबईतली इला नवऱ्याला डबा पाठवते, तो चुकून साजन फर्नांडिस नावाच्या, रिटायरमेंटला आलेल्या, बायको वारलेल्या माणसाच्या टेबलावर जातो आणि मग डब्यातून चिठ्ठ्यांची येजा सुरू होते. निम्रत कौर आणि इरफान खान. दिग्दर्शक रितेश बत्रा, त्यांचा हा पहिलाच मोठा सिनेमा. पत्र लिहिणाऱ्यांची नावं काढलीत, गावं तेवढी ठेवलीत.

प्रश्न : ताई नमस्कार. मी लातूरची, वय ४७. मिस्टर जाऊन नऊ वर्षं झाली, मुलगी पुण्याला शिकायला आहे, मी एका शाळेत क्लार्क आहे. तुमचं वाचून रात्री कानात इअरफोन घालून मोबाईलवर पिक्चर बघितला, सासूबाई बाजूलाच झोपलेल्या. शेवटी ते दोघं भेटतात का नाही तेच कळलं नाही अन् मी नुसती रडत बसले. आमच्या शाळेत एक सर आहेत, त्यांचंही घर मोकळंच आहे, मधल्या सुट्टीत आम्ही डबा सोबत खातो, बाकी काही नाही खरंच. पण परवा त्यांनी माझ्यासाठी कारळाची चटणी आणली, घरी स्वतः कुटून, आणि तेव्हापासून मला कसंतरीच व्हायलंय. माझं काही चुकायलंय का? आणि ते भेटले का, तेवढं तरी सांगा.

उत्तर : ताई, आधी चटणीचंच बोलू, कारण खरा प्रश्न तोच आहे आणि पिक्चरचा शेवट तुम्ही त्याच्या आड धरलाय. कारळं भाजायची, ती जळू द्यायची नाहीत, लसूण सोलायचा, मीठ-मिरची घालून खलबत्त्यात बसून कुटायचं, ते डबीत भरायचं, आणि हे सगळं करताना एकच माणूस डोक्यात असणार. नऊ वर्षांत तुमच्यासाठी असं किती जणांनी केलं? तुम्हीच सगळ्यांना करून घालत आलात. मुलीला डबा, सासूबाईंची पथ्याची भाजी, सणावाराला सगळ्या घराचा स्वयंपाक. कुणीतरी आपल्या जिभेचा विचार केला की पोटात कालवतं, त्यात चुकण्यासारखं काय आहे? काहीच चुकलेलं नाही.

आता शेवट. इलाला साजनच्या ऑफिसात कळतं की तो नाशिकला गेला. तो मात्र तिकडं राहत नाही, परत येतो, आणि शेवटी आपल्याला दिसतो डबेवाल्यांबरोबर लोकलमध्ये, ते भजन म्हणायलेत आणि हा त्यांच्यात बसून तिचं घर शोधायला निघालाय. इकडं इला मुलीला घेऊन भूतानला जायच्या तयारीत आहे. भेट काही दाखवलेली नाही. मला विचाराल तर भेटले. ज्या माणसाला सगळा जन्म एकाच खुर्चीवर काढायची सवय होती तो उठून डबेवाल्यांच्या मागं निघाला, म्हणजे कामाचा अर्धा भाग झालाच ना. पण मी हा सिनेमा तिसऱ्यांदा बघितला तेव्हा माझं लक्ष त्या दोघांकडं नव्हतंच. माझं लक्ष देशपांडे आंटीकडं होतं.

आठवतंय का, वरच्या मजल्यावरची आंटी? अख्ख्या पिक्चरमध्ये ती एकदाही दिसत नाही, नुसता आवाज येतो, भारती आचरेकरांचा, आणि दोरीला बांधलेली टोपली खाली येते. तिचा स्वतःचा नवरा कितीतरी वर्षांपासून अंथरुणाला खिळलेला, नुसता पंख्याकडं बघत पडलेला. तरी ही बाई खिडकीतून ओरडून इलाला सांगते काय घाल, काय नको घालू. चिठ्ठीचं पहिल्यांदा कळतं ते तिलाच. आणि साजनच्या बाजूला तो शेख आहे, त्याच्या जागी काम शिकायला आलेला, नवाजुद्दीन सिद्दीकी, एवढा चिकट माणूस की साजन आधी त्याला टाळतच असतो आणि नंतर त्याच्या लग्नात त्याच्या बाजूनं उभा राहतो. हे दोघं नसते तर त्या चिठ्ठ्या दोन दिवसांत बंद पडल्या असत्या असं मला पक्कं वाटतं. चाळिशीनंतरच्या प्रेमाचा कुठलाही पिक्चर घ्या, मी आता त्यात तिसरा माणूस शोधते. विशीत दोघंच पुरतात, पळून जायचं तरी दोघं जातात. या वयात घर भरलेलं असतं, कुणीतरी त्यात थोडी जागा करून द्यावी लागते.

म्हणून माझा तुम्हाला उलटा प्रश्न आहे, तुमची देशपांडे आंटी कोण? बहीण, शाळेतली एखादी मॅडम, शेजारीण? आणि दचकू नका, पण सासूबाईंना का नाही मोजायचं? त्यांचा तर लेक गेलाय, नऊ वर्षं त्या तुमच्याच हातचं खायलेत, तुम्ही रात्री उशीत तोंड घालून रडता ते त्यांना ऐकू येत नसेल असं तुम्हाला खरंच वाटतं का. लगेच काही सांगायचं नाही. चटणी घरी न्या, त्यांच्या ताटात वाढा, कुणी दिली विचारलं तर खरं सांगा, शाळेतल्या सरांनी दिली म्हणून. तेवढंच. पुढचं पुढं. आणि सरांची डबी रिकामी परत करू नका.

प्रश्न : मी परभणी जिल्ह्यातला, वय ५४, एसटीत वाहक आहे. मंडळी कॅन्सरनं गेल्या, चार वर्षं झाली. नातेवाईक स्थळं आणायलेत, म्हणतेत भाकर करून घालायला कुणी पाहिजे का नाही. भाकर मला येते, मंडळी आजारी होत्या तेव्हा दोन वर्षं मीच करायचो. माझ्यासोबत दहावीला असलेल्या एक बाई आहेत, नवऱ्यानं सोडलेल्या, रीतसर फारकत झालेली, दिवसाला एकदा फोनवर बोलतो आम्ही. पोराला कळलं, तो बोलायचा बंद झाला. २८ वर्षांचा आहे, लग्न झालेलं आहे त्याचं. त्याला कोणता पिक्चर दाखवावा म्हणजे समजंल?

उत्तर : दादा, तुम्ही 'भाकर मला येते' हे जे लिहिलं ना त्या ओळीवर मी बराच वेळ थांबले. आपल्याकडं बाई गेली की महिन्या-दोन महिन्यांत पुरुषाचं बघायला सुरू करतात, आणि कारण काय तर भाकर. किल्लारीच्या भूकंपानंतर, १९९३ साली, औसा-उमरगा पट्ट्यात किती घरं उजाडली, तेव्हाही हेच झालं, बाप्यांची लग्नं लवकर लागली आणि बायका मागं राहिल्या. तुम्हाला भाकरीसाठी कुणी नकोय, बोलायला पाहिजे, हे तुम्ही स्वतः ओळखलंत आणि लिहून पाठवलंत.

पिक्चर विचारलात म्हणून सांगते, 'खट्टा मीठा', १९७८ चा, बासू चटर्जींचा. अशोक कुमार आणि पर्ल पदमसी. पारशी घरं दोन, हा विधुर, ती विधवा, त्याची चार मुलं अन् तिची तीन. लग्न होतं ते पिक्चरच्या सुरुवातीलाच, आणि मग सगळी गोष्ट ती सात पोरं एका छपराखाली कशी भांडतात आणि कशी जुळतात त्याची आहे. म्हणजे बघा, पंचेचाळीसहून जास्त वर्षांपूर्वी त्या लोकांना कळलं होतं की या वयात नवरा-बायकोचं जुळायला वेळ लागत नाही, घरादाराचं जुळायला लागतो. हलकाफुलका पिक्चर आहे, जेवण करत करत सगळ्यांनी बसून बघण्यासारखा.

पण दादा, पोराला धडा द्यायचा म्हणून लावू नका हो. त्याला लगेच कळंल, आणि मग तो उठून जाईल. त्याच्या जागी बसून बघा थोडं. त्याची आई गेली, त्यानंही दवाखान्याच्या चकरा मारल्या असतील, तिची साडी अजून कपाटात असंल, आणि त्याला वाटतंय आता आई दुसऱ्यांदा जायली. तो रागावलेला नाही, त्याला भीती वाटायलीय असा माझा अंदाज आहे. 'लंचबॉक्स'मध्ये साजन काय करतो, बायकोला आवडणाऱ्या टीव्ही मालिकेच्या जुन्या कॅसेट काढतो आणि रात्री एकटा लावून बसतो. इलाला चिठ्ठ्या लिहितो तोही हाच माणूस आहे. बायकोला विसरला म्हणून लिहीत नाही, उलट कुणाजवळ तरी बायकोचं बोलता येतं म्हणून लिहितो. तुम्हीही फोनवर त्या बाईंशी तुमच्या मंडळींचं बोलत असणार, मला खात्री आहे. हे पोराला सांगा. आईच्या फोटोची जागा हलणार नाही, आणि तिच्या वर्षश्राद्धाला स्वयंपाक मीच करणार, हे दोन वाक्यांत सांगा, तुम्हाला मोठं भाषण करायची गरज नाही. सुनेला आधी सांगितलं तर अजून बरं. पुष्कळ घरांत बापाचं मन पोराच्या आधी सुनेला कळतं.

आणि एक, त्या बाईंचा विचार करा. गावात बोललं जाईल ते तुम्हाला कमी आणि त्यांना जास्त. फोन कधी करायचा, भेटायचं कुठं, कुणाला कधी सांगायचं हे त्यांना विचारून ठरवा. तुमच्या घाईनं नको.

प्रश्न : ताई मी नांदेडचा, २२ वर्षांचा. खरं सांगू का, आईवडिलांच्या वयाच्या लोकांचा रोमान्स बघायला ऑकवर्ड होतं. असं वाटणं चुकीचं आहे का?

उत्तर : नाही रे बाळा, चुकीचं नाही. आई म्हणजे आईच, तिला कुणाची वाट बघायची असंल हे डोक्यात बसायला वेळ लागतो. तू एक कर, 'वन्स अगेन' नावाचा २०१८ चा सिनेमा आहे, कंवल सेठी यांचा, शेफाली शाह आणि नीरज कबी. ती विधवा, मुंबईत छोटं रेस्टॉरंट चालवते, तो सिनेमातला नट, त्याला तिच्याकडचा डबा जातो आणि दोघं फोनवर बोलत राहतात. तिची मुलं मोठी आहेत, तुझ्या वयाच्या आसपासची. तू त्या दोघांकडं बघूच नको, मुलांकडं बघ. ती बोलतात तेव्हा आईचा चेहरा कसा होतो ते बघ. आणि मग आईला फोन कर, काहीही बोल.

प्रश्न : नमस्कार. अंबाजोगाईहून लिहितेय. वय ५१, नवरा गेल्याला सहा वर्षं. पिक्चरमध्ये बॅग भरली की निघाले. माझ्या नावावर घराचा हिस्सा आहे, थोडी जमीन आहे, पेन्शन आहे. दीर म्हणतात दुसरं लग्न केलं तर सगळं सोडावं लागतं, कायदाच तसा आहे. खरंय का?

उत्तर : ताई, हे मी नीट लिहिते, कारण या एका वाक्यावर आपल्याकडं किती बायका गप्प बसल्यात.

दीर म्हणतात तसा कायदा एकेकाळी खरंच होता. १८५६ साली विधवा पुनर्विवाहाचा कायदा आला, त्यानं लग्नाला परवानगी दिली आणि त्याच कायद्यात असंही लिहिलं की पुन्हा लग्न केलं तर आधीच्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क जाईल. एका हातानं दिलं, दुसऱ्यानं काढून घेतलं. लोकांच्या डोक्यात तेच बसलंय. पण १९५६ ला हिंदू उत्तराधिकार कायदा आला, त्याच्या कलम १४ प्रमाणं बाईला मिळालेली मालमत्ता तिच्या पूर्ण मालकीची. नवरा गेला त्या दिवशी तुमचा वाटा तुमचा झाला, नंतर तुम्ही लग्न केलं म्हणून तो कुणी काढून घेऊ शकत नाही. आणि तो जुना १८५६ चा कायदा तर १९८३ ला रद्दच झाला. सातबारा आणि घराच्या कागदावर तुमचं नाव लागलेलं आहे का तेवढं आधी तपासा, नसंल तर तलाठ्याकडं अर्ज द्या, तोंडी सांगण्यावर राहू नका.

पेन्शनचं मात्र वेगळं आहे. कुटुंब निवृत्तिवेतन हे विधवा म्हणून मिळतं, त्यामुळं पुन्हा लग्न केल्यावर ते साधारणपणे थांबतं. केंद्र सरकारच्या नियमात मूलबाळ नसलेल्या विधवेला, तिचं स्वतःचं उत्पन्न ठराविक मर्यादेच्या आत असलं तर, लग्नानंतरही ते चालू राहू शकतं. तुमचे मिस्टर कुठल्या खात्यात नोकरीला होते त्यावर नियम ठरतो, तेव्हा पेन्शन जिथून येते त्या ऑफिसला लेखी अर्ज करा आणि लेखीच उत्तर घ्या, लग्नाची तारीख काढायच्या आधी.

रजिस्टर लग्न करायचं असंल तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात तीस दिवसांची नोटीस लागते, ती ऑफिसात लावतात, म्हणजे गावात कळणारच हे धरून चला, आणि तीन साक्षीदार लागतात. ज्यांच्याशी करायचंय त्यांना आधीची मुलं असतील तर मृत्युपत्राचं बोलणं आधीच करा. मृत्युपत्र नसंल तर त्यांच्या माघारी बायको आणि मुलं सगळ्यांना सारखा वाटा येतो, त्यांची आई हयात असंल तर तिलाही. हे बोलायला कोरडं वाटतं, पण ज्या माणसाजवळ हे मोकळेपणानं बोलता येतं त्याच्याजवळ बाकीचंही बोलता येतं, असं मी जवळून बघितलंय. आणि दीरांना हे पान वाचायला द्या.

प्रश्न : पैठणहून. तुम्ही हे जे लिहायलात ते मुंबई-पुण्याचं आहे. आपल्या मराठवाड्याच्या मातीत हे बसत नाही. नातवंडं खेळवायच्या वयात प्रेम करणं आपली संस्कृती नाही.

उत्तर : काका, तुमचं वय ठाऊक नाही, पण मानानं काका म्हणते. तुम्ही पैठणहून लिहिलंत याचा मला आनंद झाला, कारण माझं उत्तर तुमच्याच गावात आहे. तुमचं पैठण म्हणजे सातवाहनांचं प्रतिष्ठान. त्यांच्यातला राजा हाल, त्याच्या नावावर 'गाथा सप्तशती' आहे, महाराष्ट्री प्राकृतातल्या सातशेच्या आसपास गाथा, आणि त्यातल्या कितीतरी बाईच्या तोंडी आहेत. शेतातल्या, नदीकाठच्या, नवरा परगावी गेलेल्या बायका. तुमची गोदावरी त्यात आहे. आपल्या मातीतलं म्हणून दाखवण्यासारखं इतकं जुनं जे लिखाण आहे ते प्रेमाचंच आहे काका.

आणि दुसरं, पाट लावणं, म्होतूर लावणं हे शब्द आपल्या आजीच्या तोंडी होते का नव्हते? कितीतरी समाजांत विधवा बाईचं दुसरं लग्न होत होतं, पिढ्यान्‌पिढ्या. फक्त ते रात्री, गाजावाजा न करता, पहिल्या लग्नासारखा मांडव न घालता व्हायचं. म्हणजे बंदी नव्हती, मान नव्हता. मला तो अंधार सलतो. २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं ग्रामसभेत ठराव केला की विधवा बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, आणि नंतर राज्य सरकारनं सगळ्या गावांना तसं करा म्हणून सांगितलं. एका खेड्यानं केलं ते. तिथंही नातवंडं खेळवणारी माणसंच ग्रामसभेला बसली असतील ना.

पिक्चर मुंबईत घडतो हे खरं. आपल्याकडं डबा घेऊन जायला लोकल नाही. पण आपल्याकडं एसटी आहे, आणि गावाकडून शहरात शिकणाऱ्या पोरांना एसटीनं डबे जायचे, कंडक्टरच्या हाती, हे तुम्हीही बघितलं असंल. तो डबा चुकून दुसऱ्याच्या हाती पडला तर? ही गोष्ट सेलू-मानवतच्या स्टँडवर घडू शकते. कुणीतरी आपल्या बोलीत, आपल्या उन्हाळ्यात, टँकरच्या रांगेत उभ्या असलेल्या पन्नाशीच्या बाईवर असा सिनेमा करावा ही माझी फार दिवसांची इच्छा आहे. दरवर्षी संभाजीनगरला अजिंठा-वेरूळ फिल्म फेस्टिव्हल भरतो, तिथं येणाऱ्या पोरापोरींना मी हे दरवेळी सांगते.

प्रश्न : हिंगोली. वय ५८. मिस्टर आहेत, चांगले आहेत, पण चार-पाच वर्षं झाली आम्ही बोलतच नाहीत म्हणा ना, भांडण नाही काही नाही, फक्त टीव्ही चालू असतो. माझं काही नवं प्रेम नाही. तरी हा पिक्चर मला का लागला?

उत्तर : ताई, इलाची आई आठवते का? बापाच्या आजारात सगळा जन्म घातलेली. तो जातो त्या दिवशी ती रडत नाही, म्हणते मला भूक लागलीय. लिलेट दुबेंचा तो सीन माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. औषधं, आंघोळ, नाष्टा, परत औषधं, यात त्या बाईचं नवऱ्याशी बोलणं कधी संपलं ते तिलाही कळलं नव्हतं.

तुमचे मिस्टर घरात आहेत. साजन आणि इला बोलले ते समोरासमोर नाही, चिठ्ठीतून, कारण तोंडानं सुरू करायला दोघांनाही जमलं नसतं. तुमच्या मिस्टरांचा डबा असतो का, शेतात किंवा दुकानात नेत असतील? उद्या पोळ्यांच्या खाली एक कागद ठेवा. मोठं काही लिहू नका. आज भाजीत तेल जास्त झालंय का, एवढं जरी लिहिलं तरी चालेल. उत्तर आलं तर मला कळवा, आणि आलं नाही तर परवा परत ठेवा.